पडदा किती उघडा आहे?

१

आम्ही दोघी बहिणी खोट्या खिडक्या रंगवतो. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग आपली थट्टा चालली आहे का, म्हणून आमच्या तोंडाकडे बघतो. थट्टा नाही. जुन्या मोठ्या इमारतींना बाहेरून सगळीकडे सारख्या खिडक्या हव्या असतात. पण आत कुठे जिना आडवा येतो, कुठे धुराडं, आणि हवी तिथे खिडकी काढता येत नाही. मग तिथे भिंतीवरच खिडकी रंगवायची. चौकट, काचा, काचांवरची चमक, आतला पडदा, सगळं. लांबून बघणारा फसला की आमचं काम झालं. आमच्या घरात आधी काका आणि बाबा हे करायचे, त्यांच्याआधी आजोबा. आता मी आणि धाकटी.

हे काम एकट्याने होत नाही. जवळून रंगवलेली खिडकी दिसतच नाही, नुसते फटकारे दिसतात. म्हणून एकीने परांचीवर चढून रंगवायचं आणि दुसरीने लांब, हिरवळीच्या पार टोकाला उभं राहून ओरडायचं. सावली वाढव. काच मेली. चौकट कलली. खालचा जे सांगेल ते वरच्याने मुकाट्याने ऐकायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. धाकटी ओरडायला लागली की रस्त्याने जाणारी माणसं आपलं काही चुकलं का म्हणून थबकतात. आवाज तिने बाबांचा घेतलाय आणि हातही. कापड काढावं तर तिनेच. मी आपली लाकूड बरं काढते. काचा माझ्या यथातथाच असतात, हे मला कुणी सांगायची गरज नाही, तरी ती सांगते.

सध्या आमच्याकडे रंगवायला आलेली हवेली एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलेली. मधला भाग आणि डावी बाजू त्याची. उजवी बाजू त्याच्या मुलाने वाढवली, बापाच्या डावीकडे बघून अगदी हुबेहूब. अर्थात बाहेरून. आत त्याने स्वतःला हवं तसं केलं. त्यामुळे उजव्या बाजूच्या खिडक्यांपैकी काही खऱ्या आहेत आणि काही रंगवलेल्या. बहुतेक रंगवलेल्या खिडक्यांमागे जिना आहे, तेव्हा त्यांचं कोडं नाही. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खिडकीमागे मात्र साधी खोली आहे. तिथे खरी खिडकी सहज झाली असती. ती का केली नाही, याची हवेली दाखवणाऱ्या मार्गदर्शकाकडे तीन कारणं आहेत. शाळेच्या सहलीला तो सांगतो की सूनबाईंना वारा सोसत नव्हता. शिकलेल्या मंडळींना सांगतो की त्या काळी खिडक्यांवर कर होता. आम्हाला चहा पिताना म्हणाला, "खरं विचाराल तर गवंड्याचा घोळ असणार." मला तिन्ही पटली.

२

जुना रंग खरवडण्याआधी त्याचा खाका घेतात. पातळ कागद लावून रेषा उतरवायच्या, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची. भिंतीला नवा हात दिला की कागद परत त्याच जागी धरायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. भोकांतून ठिपके उमटतात आणि खिडकी आपल्या जागी परत येते. काका-बाबांनी मागच्या वेळी वापरलेले खाके आमच्या माळ्यावर पत्र्याच्या नळीत होते. धाकटी म्हणाली, नवे कशाला, हेच लावू. टोचून टोचून बोटांची चाळण होते, तेव्हा मीही लगेच हो म्हटलं.

जिन्याच्या खिडक्यांवर ते कागद अंगच्या कपड्यासारखे बसले. शेवटच्या खिडकीवरही चौकट बसली, काचा बसल्या. पडदा बसला नाही.

खाक्यात पडदा पूर्ण ओढलेला होता. भिंतीवर तो उघडा होता. मी बोटं लावून बघितली, चार बोटं बरोबर मावली. त्या फटीत नुसता काळसर रंग, खोलीतला अंधार दाखवायला भरतात तसा.

"काकांची लहर," धाकटी म्हणाली. "कागद केला एक आणि रंगवलं भलतंच."

तसं असू शकत होतं. काकांना मध्येच काहीतरी सुचायचं आणि मग बाबा हिरवळीवरून त्यांच्या नावाने शिमगा करायचे, हे आम्ही लहानपणी ऐकलेलं होतं. पण रंगाचा थर मी नखाने उचलून बघितला. पडद्यावर, फटीवर, चौकटीवर, सगळीकडे एकच जुना रंग होता. वर कुणी दुरुस्ती केल्याची खूण नव्हती.

डागडुजीवर देखरेख करणारा वास्तुकार तरुण होता आणि हातात सदा फूटपट्टी. आम्ही त्याला फूटपट्टीच म्हणायचो, अर्थात त्याच्या माघारी. त्याने कागद बघितला, भिंत बघितली आणि निकाल दिला. "जुना पुरावा हाच. पडदा बंद करा. मूळ होतं तसं."

"बरं," धाकटी म्हणाली. तिला बंद पडदाच हवा होता. चुण्या जास्त काढायला मिळतात.

३

बाबांना दिसत नाही. मी रंग घोटायला शिकत होते त्या सुमाराला त्यांची नजर गेली. काचबिंदू. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की हा आजार घराण्यात उतरू शकतो, मुलींनी तपासून घेत जा. आम्ही नेमाने तपासतो. दोघींचे डोळे ठणठणीत आहेत. पुढचं सगळं काम आम्हाला काकांनी शिकवलं. काकांची नजर म्हणजे घरातलं कौतुक. म्हातारपणी कान गेले, गुडघे गेले, पण चष्म्याशिवाय सुई ओवायचे आणि ओवून झाली की दोरा हलवत सगळ्या घराला दाखवून यायचे.

हवेलीचं काम मिळालंय हे बाबांना कळल्यापासून ते रोज संध्याकाळी हिरवळ कशी आहे, गिलावा धरतोय का, असं काहीबाही विचारायचे. त्या दिवशी मी चहा हातात दिला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही.

"शेवटच्या खिडकीचा पडदा किती उघडा आहे?"

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. धाकटी तर अजून घरी यायची होती.

"का हो?"

त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं जोडून दाखवली. "आमच्या वेळी एवढा होता."

"आता चार आहे," मी म्हटलं.

त्यांनी हात हळूच मांडीवर ठेवला. चेहरा नेहमीसारखाच शांत होता, पण अंगठा शर्टाच्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता.

"आहे तसा राहू दे. आम्ही बंद केला तो. वर्ष उलटायच्या आत माझे डोळे गेले."

"बाबा, काचबिंदू होता तुम्हाला."

"हो. काचबिंदूच होता," ते म्हणाले. मग चहा घेतला आणि बशीत ओतून सावकाश प्यायले.

विषय तिथेच थांबला. त्या दिवसांबद्दल बोलायला लावलं की त्यांची झोप उडते, म्हणून आम्ही कधी फार खोदत नाही. आणि विचारायचं तरी काय? पडदा म्हणजे कापड, आणि कापड म्हणजे बाबांचा हात, हे आजूबाजूच्या सगळ्या रंगाऱ्यांना ठाऊक होतं. पडदा त्यांनीच ओढला असणार. पण मला एक कळून चुकलं. आता तो धाकटी ओढणार होती.

४

मी शहाणी बाई आहे असं मला वाटतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती खोली आतून बघायला गेले. भिंतीत ओल असेल, चुना फुगला असेल, त्याने रंग सरकला असेल, असलं काहीतरी सापडेल अशी आशा होती.

हवेलीच्या चाव्या एका बाईंकडे असतात. कमरेला एवढा जुडगा की त्या येताना आधी चाव्याच येतात. त्यांनी दार उघडून दिलं. खोलीत जादा खुर्च्या ठेवल्या होत्या, कार्यक्रमाच्या वेळी लागतात त्या. खिडकी नव्हतीच, बोलूनचालून भिंत. मी ती बोटांच्या पेरांनी वाजवून वाजवून बघितली. जाड, कोरडी, भरीव. ओल नाही, पोकळी नाही. आतल्या बाजूचा गिलावासुद्धा एकसंध होता, कधी काही बुजवल्याची रेघ नव्हती.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"ओल."

"ओल कुठली हो, ही तर सगळ्यात कोरडी खोली. उलट इथलं सामान विटतं." त्यांनी एक खुर्ची ओढून दाखवली. निळं कापड भिंतीकडच्या अर्ध्या भागात पांढुरकं पडलं होतं. "मी जागा बदलत असते. मागची पुढे, पुढची मागे. तेवढंच सगळ्या सारख्या दिसतात."

खुर्ची सरकली तशी खालची जमीन दिसली. लाकडी जमीन, गडद तपकिरी. तिच्यावर भिंतीपासून निघालेला एक फिकट पट्टा होता. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की लाकूड जसं उतरतं तसा. पट्टा अरुंद होता. लांबट आणि कडेला सरळ. मी वाकले आणि त्यावर हात ठेवला. चार बोटं.

पॉलिशचा दोष, मी मनाशी म्हटलं. मग ऊबही लागली हाताला. लाकूड तसंही गार नसतं.

"इथे दिवा कुठला आहे?" मी विचारलं.

"दारावरचा हा एवढाच," बाई म्हणाल्या. त्यांनी तो बंद करून खोली परत कुलूपबंद केली.

५

खरवडण्याआधी भिंत धुतात. धाकटीने शेवटची खिडकी धुतली आणि मला हाक मारली की कशी दिसते बघ. मी हिरवळीच्या टोकाला गेले. इतक्या वर्षांची धूळ गेल्यावर काका-बाबांच्या हातचे रंग वर आले होते. उंची काम, खोटं कशाला बोलू. माझा ऊर अभिमानाने भरून आला.

मग पडद्याच्या कडेकडे लक्ष गेलं. फटीलगत, कापडाच्या काठावर, चार लहान उजळ ठिपके होते. एकाखाली एक.

मी परांचीवर चढून जवळून बघितलं. चुण्यांवर उजेड पडला की असे ठिपके देतात, आम्हीही देतो. पिवळट पांढऱ्याचा एकेक फटकारा. मी परत खाली गेले. टोकाला पोचून वळले. कुणी आतून पडदा बाजूला धरला तर बोटांची पेरं जशी दिसतील तसे ते दिसत होते.

धाकटीला मी खाली बोलावून दाखवलं. तिने डोळे बारीक केले.

"चुण्या आहेत, ताई."

"चार?"

"मग किती असाव्यात? तू ना, बाबांशी बोललीस की अशी होतेस." मग म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांचं खापर तू आता भिंतीवर फोडणार आहेस का?"

"पडदा आहे तसा ठेवू. फूटपट्टीला मी समजावते."

"मी नाही ठेवणार. काम हातात घेतलंय ते नीट करायचं. बंद म्हणजे बंद."

फूटपट्टीला मी समजावून बघितलं. त्याने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बंदच करा."

धाकटी माझ्याहून बरीच लहान. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती, माझ्या ओढणीचं टोक धरून फिरायची. तिचा हात म्हणजे तिची भाकरी, तिचा मान, सगळंच, आणि डोळ्यांवाचून तो हात काय करणार? माझं निम्मं आयुष्य सरलंय. खरोखर कुणाचे डोळे जाणारच असतील, तर ते माझे जावेत. आणि जायचे नसतील, तर माझ्या वेडेपणाला ती फार तर हसेल.

"पडदा मी काढणार," मी सांगितलं. "तू खाली उभं राहायचं."

"तू? कापड?" ती हसलीच. मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा पडला. "माझं काम आवडत नाही का तुला?"

"थोरली मी आहे. वाद नको."

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला लागलं, ते मला दिसत होतं. पण तिला परांचीपासून लांब ठेवलं याचंच मला इतकं समाधान होतं की बाकी सगळं मी गिळलं.

६

पडद्याच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. रंगाच्या कामाला असा दिवस उत्तम, सावल्या फसवत नाहीत. हिरवळीवर कशाचीच सावली नव्हती. धाकटी टोकाला जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, रुसवा तिच्या उभं राहण्यातच दिसत होता. पण काम सुरू झालं तसा तिचा आवाज खुलला.

"डावी चुणी जाड झाली! अजून बारीक! हां. आता खालून वर घे!"

मी ऐकत गेले. एकेक चुणी ओढत फटीकडे सरकले. या खिडकीचा जुना रंग पक्का होता, म्हणून तो न खरवडता वरूनच रंगवायचं ठरलं होतं; ते चार ठिपके मी सकाळीच, पहिल्याच हाताला बुजवले होते. उगाच मोठेपणा सांगत नाही, भीती होती, पण रंगाऱ्याचा हात एकदा लागला की लागतो.

"अजून! अजून थोडं! ब्रशभर राहिलंय!"

ब्रशभर काळी चीर उरली होती. पुढचा फटकारा कुठून घ्यायचा ते ऐकायला मी थांबले. आवाज आला नाही.

"कुठून घेऊ?"

काहीच नाही. मी वळून बघितलं. धाकटी जागच्या जागी उभी होती आणि तिने कपाळावर हात आडवा धरला होता, उन्हात लांबचं बघताना धरतात तसा.

"अगं, बोल ना!"

"बंद कर, ताई," ती म्हणाली. ओरडली नाही, तरी मला स्वच्छ ऐकू आलं. "पटकन कर."

मी ब्रश भरला आणि एका दमात ती चीर मिटवली. मग शिडीवरून उतरले आणि जवळजवळ धावतच गेले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय झालं?"

"ऊन आलं गं डोळ्यावर."

"कुठलं ऊन? आभाळ बघ की."

"वरून नाही. खिडकीतून." तिने डोळे चोळले. "लहान मुलं आरशाने कवडसा मारतात ना, मुद्दाम आपल्या तोंडावर, तसं वाटलं. चीर होती तोवरच. मग गेलं."

मी वळून बघितलं. पडदा बंद होता. काचा काचांसारख्या, राखाडी. काहीच चमकत नव्हतं.

"माझ्या काचांचं कौतुक करतेयस का?" मी म्हटलं. तिला हसवायचं होतं. ती हसलीही.

येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून बसली. दिवसभर ओरडून दमली असणार. मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होते. जवळच्या, लांबच्या, त्याहून लांबच्या, अगदी खालची बारीक अक्षरंसुद्धा. एक डोळा झाकून वाचल्या, मग दुसरा. सगळं लख्ख दिसत होतं. मला इतकं हलकं वाटलं की उतरताना मी कंडक्टरला विनाकारण धन्यवाद म्हटलं.

७

घरी बाबा नेहमीच्या खुर्चीत होते. धाकटीच्या कामाच्या झग्याचा बंद तुटला होता. तो शिवायला ती दिव्याखाली सुई-दोरा घेऊन बसली आणि गुणगुणायला लागली. रुसवा गेलेला दिसत होता. मी बाबांजवळ स्टूल ओढलं.

"पडदा किती उघडा आहे?" त्यांनी विचारलं.

"बंद झाला, बाबा."

त्यांचा अंगठा शर्टाच्या कडेवर थांबला.

"पण काळजी करू नका. धाकटीला मी ब्रशसुद्धा लावू दिला नाही. पडदा सगळा मीच काढला, आणि माझे डोळे बघा, अगदी ठणठणीत आहेत."

"मग ती कुठे होती?"

"लांब. हिरवळीच्या टोकाला. नेहमीसारखी ओरडत होती."

बाबांनी हात चाचपत माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी माझा खांदा आखडला होता," ते म्हणाले. "वर तुझे काका चढले. पडदा त्यांनी ओढला. मी हिरवळीवर होतो."

मला एकदम काका दिसले, म्हातारे, दोरा हलवत घरभर फिरणारे.

"ती कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"समोरच. दिव्याखाली."

"काय करतेय?"

"सुई ओवतेय."

त्यांनी चेहरा तिच्या गुणगुणण्याकडे वळवला. मीही बघत राहिले. धाकटीने दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं, बोटांनी पिळलं आणि सुईकडे नेलं. ते भोकाच्या बाजूने निघून गेलं. तिने हसून मान हलवली, सुई दिव्याजवळ धरली, परत टोक ओलं केलं. परत बाजूने गेलं.

"ओवली का?" बाबा म्हणाले.

"ओवतेय, बाबा," मी म्हटलं. "अजून ओवतेय."